गारदी, आनंदीबाई आणि काका

मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा वर्गात शिकवताना काही शब्द असे भेटतात, ज्यांना दुसऱ्या भाषेत जोडीदार मिळत नाही. 'भाऊबंदकी' हा त्यांतला एक. उर्दूत 'खानाजंगी' आहे, पण त्याचा आवाका मोठा. एखादा देश आपसात लढू लागला तरी खानाजंगीच म्हणतात. 'बिरादरी' आहे, पण तिच्यात भांडण नाही. 'बिरादरान-ए-यूसुफ' असा एक सुंदर शब्दप्रयोग आहे, यूसुफचे भाऊ, म्हणजे सख्खे असून घात करणारे. तो अर्थाने सगळ्यांत जवळ येतो, पण बांधावर उभे राहून कुणी तो उच्चारत नाही. आमच्या जत तालुक्यात निम्मी गावे कन्नड बोलतात. त्यांच्याकडे मात्र 'दायादी' आहे. वारसाहक्काचा वाटेकरी तो दायादी, आणि त्या एका शब्दातच वैर गृहीत धरलेले असते. मराठी भाऊबंदकीचे तसेच आहे. पाटीलकी म्हणजे पाटलाचा हक्क, तशी भाऊबंदकी म्हणजे भाऊबंद असण्याचे नाते, एवढाच शब्दाचा बांधा. त्यात भांडण कुठेच नाही. ते माणसांनी आणून भरले.

या एकाच शब्दाचे नाव घेऊन कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ साली नाटक लिहिले, 'भाऊबंदकी'. महाराष्ट्र नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. विषय, नारायणराव पेशव्यांचा खून आणि त्यानंतरचा न्याय.

खाडिलकर सांगलीचे, जन्म १८७२ चा. आणि सांगली हे शहरच मुळी एका भाऊबंदकीतून वाढलेले आहे, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या फार थोड्या मुलांना ठाऊक असते. पटवर्धनांची जहागीर मिरजेची. चिंतामणराव लहान होते तोवर कारभार चुलते गंगाधरराव पाहत. पुतण्या वयात आला, आपला हक्क मागू लागला, आणि चुलत्या-पुतण्यांचे बिनसले. १८०१ च्या सुमारास वाटणी होऊन चिंतामणराव मिरज सोडून कृष्णाकाठच्या सांगलीला आले. तोवर लहान असलेले गाव संस्थानाची राजधानी झाले. पुढे याच चिंतामणरावांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केले, आणि मराठी नाटकाची सुरुवात आपण तिथून मोजतो. म्हणजे चुलत्याशी पटले असते तर मराठी रंगभूमीचा पहिला मान मिरजेला गेला असता! मिरजकर हे ऐकून खूश होतात, सांगलीकर विषय बदलतात.

कृष्णाकाठाला शोकांतिकेचे वेड आहे की काय, असेही कधी कधी वाटते. शेक्सपिअरचा हॅम्लेट 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणणारे आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. ऑथेल्लोचा 'झुंझारराव' करणारे देवल सांगलीशेजारच्या हरिपूरचे. त्यांच्या मागून आलेल्या खाडिलकरांनी शेक्सपिअर चांगला पचवला होता. त्यांचे सुरुवातीचे नाटक 'सवाई माधवरावांचा मृत्यू' वाचताना हॅम्लेट आणि ऑथेल्लो दोघेही मधूनमधून डोकावतात. पण 'भाऊबंदकी'त त्यांनी आपल्याच मातीतले घराणे घेतले.

शेक्सपिअरमधले घराण्यांचे वैर म्हटले की सगळ्यांना रोमिओ-ज्युलिएट आठवते. व्हेरोना शहर, माँटेग्यू आणि कॅप्युलेट ही दोन घराणी, जुने वैर, आणि त्यात दोन कोवळे जीव जातात. कॉलेजात ते वाचले तेव्हा मला त्यातले वैर थोडे सोपे वाटले होते. तिथे रस्ता ओलांडला की शत्रू. कुणाचे घर कुठले हे ठाऊक असते, नोकरसुद्धा आपापल्या धन्याच्या बाजूने तलवार काढतात. आपल्याकडचे वैर एका छपराखालचे. आजोबा एक, देवघर एक, विहीर एक. एका ताटात जेवलेली माणसे. तिथे शत्रू दाखवायला बोट कुठे करायचे हाच प्रश्न पडतो. आणि बोट आतल्या माणसाकडे करायचे नसले की मग ते बाहेरच्याकडे जाते. 'भाऊबंदकी'मागच्या इतिहासात मला सगळ्यांत जास्त टोचते ते हेच.

तो इतिहास थोडक्यात सांगते.

पानिपतानंतर १७६१ च्या जूनमध्ये नानासाहेब पेशवे गेले. मुलगा माधवराव सोळा वर्षांचा. धाकटे चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, अटकेपर्यंतच्या स्वारीचे मानकरी, वय सव्वीस. आपण असताना पोराच्या हाताखाली वागायचे, हे त्यांना रुचले नाही. दीड वर्षाच्या आत उघड लढाई झाली. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावला माधवराव हरले आणि राज्य दुभंगू नये म्हणून स्वतः चालत चुलत्याच्या छावणीत गेले. या झगड्याची झळ आपल्या भागालाही बसली. माधवरावांची बाजू घेतली म्हणून राघोबादादांनी पटवर्धनांच्या मिरजेवर चाल केली, वेढा घालून मिरज घेतली, आणि गोपाळराव पटवर्धन निजामाकडे गेले. त्याच्या थोडे आधी, पुतण्याविरुद्ध लढताना, दादांनी स्वतः निजामाची मदत घेतली होती. आणि १७६३ च्या ऑगस्टमध्ये राक्षसभुवनला चुलते-पुतणे दोघे मिळून त्याच निजामाशी लढले व जिंकले. जे लोक मराठेशाहीचा इतिहास हिंदू विरुद्ध मुसलमान अशा दोन रकान्यांत मांडतात, त्यांनी ही दोन वर्षे कुठल्या रकान्यात घालायची ते सांगावे.

१७६८ मध्ये धोडपला राघोबादादा हरले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत पडले. नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवराव क्षयाने थेऊरला गेले. गादीवर आला नारायणराव, सतरा वर्षांचा. साताऱ्याला जाऊन छत्रपतींकडून त्याने वस्त्रे घेतली. स्वभाव उतावळा, बोलणे लागणारे, आणि कैदेतल्या चुलत्यावर त्याने पहारे आणखी कडक केले. इकडे वाड्यात गारदी होते, पगार तटलेले.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. दुपारच्या वेळी गारदी वाड्यात घुसले. नारायणराव धावत काकांच्या महालात गेला आणि त्यांना बिलगला. तुळाजी पवार या नोकराने त्याला ओढून अलग केले. चाफाजी टिळेकर हा सेवक धन्याच्या अंगावर पडला, आणि त्याच्यासह नारायणराव कापला गेला. वीस दिवसांपूर्वी त्याने अठरा वर्षे पूर्ण केली होती. 'काका, मला वाचवा' ही हाक त्यानंतर अडीचशे वर्षे महाराष्ट्रात ऐकू येते आहे. हल्ली राजकारणात काका-पुतण्यांचे काही झाले की वर्तमानपत्रवाले तीच हाक मथळ्याला लावतात.

आता वर्गातली गोष्ट. हा भाग शिकवून झाला की मुले प्रश्न विचारतात. वाड्यात भूत आहे का, हा पहिला. काही वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलाने, आमच्याच मोहल्ल्यातल्या, तास संपल्यावर दाराशी थांबून हळूच विचारले, "बाजी, गारदी म्हणजे अपनेच लोगां थे क्या?" मैदानावर कुणीतरी त्याला 'ए गारदी' म्हटले होते. पोरांचे चिडवणे, दोन दिवसांत विसरले जाते. पण प्रश्न खोटा नव्हता. त्याला खरे उत्तर द्यायला हवे होते आणि ते पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी अख्ख्या वर्गाला उत्तर दिले. गारदी ही जात नाही, धर्म नाही. परदेशी पद्धतीची कवायत शिकलेले पगारी पायदळ म्हणजे गारदी. त्यांत मुसलमान होते, हिंदूही होते. नारायणरावाच्या खुनात ज्या तीन गारदी म्होरक्यांची नावे येतात ती अशी: सुमेरसिंग, खरगसिंग आणि महंमद युसूफ. तिघांत दोन सिंग, एक महंमद. फळ्यावर ही तीन नावे लिहिली आणि काही वेळ तशीच राहू दिली.

आणि गारदी म्हटले की आणखी एक नाव घ्यावे लागते, इब्राहिमखान गारदी. आधी निजामाकडे असलेला हा सरदार पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या तोफखान्याचा आणि कवायती पलटणींचा प्रमुख होता. १४ जानेवारी १७६१ ला त्याचे लोक शेवटपर्यंत लढले. तो जखमी होऊन पकडला गेला आणि अब्दालीच्या छावणीत मारला गेला. पानिपत आणि शनिवारवाडा यांत अंतर फक्त बारा वर्षांचे. पण 'गारदी' हा शब्द इब्राहिमखानाचा झाला नाही, सुमेरसिंगाचाही झाला नाही. लोकांच्या तोंडी तो नुसता मारेकरी झाला, आणि त्याचा चेहरा हळूहळू आमच्यासारखा काढला गेला.

मग त्याच खुनाच्या चौकशीचे आकडे सांगितले. गो. स. सरदेसायांनी दिलेल्या हिशेबाप्रमाणे कटात प्रत्यक्ष गुंतलेले पुरुष निघाले ४९. त्यांत गारदी १३, ब्राह्मण २६, प्रभू ३ आणि मराठे ७. बेरीज मुलांकडूनच करून घेतली. हा आकडा सांगताना एक काळजी घ्यावी लागते. गारद्यांचा शिक्का पुसायचा म्हणून तो ब्राह्मणांवर मारायचा, असला उद्योग मला करायचा नव्हता. वर्गात दोन्हीकडची मुले असतात. पेशव्यांच्या वाड्यात कारभारी, कारकून, हुजरे यांत ब्राह्मण जास्त असणारच, म्हणून कटातही जास्त. मारले गेलेल्यांतही तेच होते. आकड्यांतून एवढेच कळते की हा घरातला मामला होता. गारदी पगारासाठी आले होते. दरवाजे त्यांच्यासाठी आतून उघडले होते.

यूसुफच्या किश्श्यात भाऊ त्याला विहिरीत टाकतात आणि रक्ताने माखवलेला सदरा घेऊन बापाकडे येतात. म्हणतात, लांडग्याने खाल्ले. लांडगा तिथे आलेलाच नसतो. फारसी-उर्दू कवितेत हा बिचारा लांडगा मग शतकानुशतके फिरतो, न केलेल्या गुन्ह्याचा धनी म्हणून. गारदी काही त्या लांडग्याइतके निष्पाप नव्हते. तलवार त्यांच्याच हातात होती, आणि निःशस्त्र पोराला मारणाऱ्यांची वकिली मी करणार नाही. पण सदरा घेऊन येणाऱ्यांकडे पाहायचेच नाही, हे कसे चालेल?

लोकांच्या आठवणीत या खुनाचा दुसरा धनी आहे आनंदीबाई. राघोबादादांनी गारद्यांना लिहिलेल्या चिठ्ठीत 'धरावे' होते, तिने 'ध'चा 'मा' करून 'मारावे' केले, ही कथा महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक असते. 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचारच होऊन बसला. मी तो दरवर्षी व्याकरणाच्या तासाला अर्थासकट लिहून देते. अभ्यासक मात्र या कथेला दंतकथेत जमा करतात. एक बाई, एक लेखणी, एक अक्षर, आणि पेशवाईचा नाश. कथा इतकी सुबक आहे की ती खरी असावी असे वाटू लागते. आनंदीबाई महत्त्वाकांक्षी नव्हती असे नाही. हुशार होती, नवऱ्याच्या कैदेने पोळली होती. पण बारा वर्षे पुतण्यांशी झगडणारे राघोबादादा होते. आळेगाव, मिरज, धोडप हे सगळे त्यांचे. त्या बारा वर्षांना कुठलाही वाक्प्रचार चिकटला नाही.

खाडिलकरांच्या नाटकाची ताकद आणि अडचण दोन्ही मला इथेच दिसतात. त्यांची आनंदीबाई मॅक्बेथच्या बायकोची बहीण शोभावी अशी आहे. नवरा डळमळतो, ती ठाम राहते. नटाला किंवा नटीला अशी भूमिका म्हणजे पर्वणी. पुढे दुर्गाबाई खोट्यांनी ती गाजवली, नानासाहेब फाटकांचा राघोबाही जुन्या प्रेक्षकांच्या आठवणीत राहिला. पण आनंदीबाई जितकी प्रभावी, तितका राघोबा दयनीय दिसतो, आणि दयनीय माणसाला प्रेक्षक अर्धी माफी देऊनच घरी जातात. बायकोने बिघडवले हो, नाहीतर माणूस वाईट नव्हता.

हे वाक्य मी जत तालुक्यात किती वेळा ऐकले असेल! आमचा तालुका दुष्काळी. जमीन पुष्कळ, पाणी नाही, म्हणून भांडण जमिनीपेक्षा विहिरीचे जास्त. कोणाचा किती दिवस पाण्याचा वार, मोटारीचे बिल कोणी भरायचे, बांधावरचे झाड कोणाचे. दोन भाऊ तहसील कचेरीत वेगवेगळ्या बाकांवर बसलेले दिसतात, आणि त्यांची मुले माझ्या वर्गात एका बाकावर. घर फुटले कशाने असे विचारा. उत्तर ठरलेले: धाकटी सून आल्यापासून. नाहीतर त्या अमक्याने कान भरले. हिंदू घर असो की आमचे, यात फरक नाही. आमच्यात तर वाटण्या शरीअतने ठरवून दिलेल्या, बहिणीचा हिस्सासुद्धा स्पष्ट. तरी तो मागणारी बहीण घर फोडणारी ठरते आणि न देणारे भाऊ मात्र भाऊच राहतात. भाऊबंदकी करणार भाऊ, नाव होणार सुनेचे आणि बाहेरच्याचे. पेशव्यांच्या वाड्यात ती सून आनंदीबाई होती आणि बाहेरचे गारदी होते.

म्हणूनच नाटकात रामशास्त्री उभे राहतात तेव्हा श्वास मोकळा होतो. खाडिलकरांनी तिथे कसूर ठेवलेली नाही. रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. विशेष म्हणजे राघोबादादांचा जन्मही माहुलीचाच, १७३४ चा. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरच्या एकाच गावाने आरोपीही दिला आणि न्यायाधीशही. खून झाला तेव्हा सत्ता राघोबादादांच्या हाती आली होती. पेशव्याच्याच नोकरीत असलेल्या न्यायाधीशाने पेशव्याच्याच गुन्ह्याची चौकशी केली, दोष त्याच्या तोंडावर सांगितला, आणि देहान्त प्रायश्चित्त सुनावले. मग पुणे सोडून वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. रामशास्त्र्यांनी 'गारद्यांनी केले' असे म्हटले नाही, 'बाईने केले' असेही म्हटले नाही. बोट काकांकडे केले. प्रभातने १९४४ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, गजानन जागीरदारांनी ती भूमिका केली. आमच्या घरात जुन्या मराठी चित्रपटांची फारशी आवड नव्हती, पण हा चित्रपट अब्बांनी आम्हा भावंडांना बसवून दाखवला होता. काझी असाच असावा, एवढेच म्हणाले होते.

नाटक १९०९ चे आहे, हेही विसरायला नको. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, खाडिलकर 'केसरी'त. दोनच वर्षांपूर्वी, १९०७ च्या डिसेंबरात, सुरतेला काँग्रेस फुटली होती. जहाल आणि मवाळ यांच्यात मंडपात खुर्च्या उडाल्या, जोडा भिरकावला गेला. अशा वेळी 'भाऊबंदकी' हे नाव नाटकाच्या जाहिरातीवर वाचणाऱ्या प्रेक्षकाला फक्त शनिवारवाडा आठवला असेल, असे मला वाटत नाही. आणखी एक योगायोग आहे. पेशव्यांची भाऊबंदकी इंग्रजांच्या दारात गेली तीही सुरतेतच. बारभाईंनी राघोबादादांना पुण्याबाहेर ठेवले, नारायणरावाची विधवा गंगाबाई एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर बाळंत झाली, मुलगा झाला, तो सवाई माधवराव. दादांचा दावा संपला. मग मार्च १७७५ मध्ये त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यायची, बदल्यात साष्टी आणि वसई घ्यायची. घरचा हिस्सा मागायला गेलेला माणूस घराची किल्ली देऊन आला.

पुढचा हिशेब तेवढा राहिला. महंमद युसूफ पकडला गेला आणि मारला गेला. खरगसिंग आणि तुळाजी पवार हैदरअलीच्या आश्रयाला पळाले होते. हैदरने त्यांना पुण्याच्या हवाली केले आणि त्यांनाही देहदंड मिळाला. रामशास्त्र्यांनी ज्यांना तो सुनावला होता, त्यांच्यासाठी १७८२ च्या सालबाईच्या तहात कलम घातले गेले: महिना पंचवीस हजार रुपये नेमणूक, आणि राहायला आवडेल ती जागा. राघोबादादांनी गोदाकाठचे कोपरगाव निवडले. १७८३ च्या डिसेंबरात ते तिथे आजारपणाने वारले. तेरा वर्षांनी त्यांचा आणि आनंदीबाईंचा मुलगा बाजीराव पुण्यात पेशवा झाला.